अलास्काच्या क्रूझवर बंदरे स्वतःच्या स्वतः पाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यालगत, बेटांच्या आडोशाने उत्तरेकडे जाणाऱ्या जलमार्गाला इनसाइड पॅसेज म्हणतात. उन्हाळ्यात सिॲटल किंवा व्हँकुव्हरहून निघणारी बहुतेक मोठी जहाजे याच मार्गाने केचिकन, जूनो, स्कॅगवे, सिटका अशी बंदरे घेतात. जहाज कंपनीच्या सहली न घेता ही बंदरे आपापली पाहू इच्छिणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील माहिती दुसरीकडे लागली, तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जहाजाची सहल न घेता बंदरावर उतरता येते का? त्यासाठी वेगळी परवानगी लागते का?

उतरता येते आणि वेगळी परवानगी लागत नाही. गँगवेवर, म्हणजे जहाज आणि धक्का यांना जोडणाऱ्या उतरत्या वाटेवर, आपले जहाजाचे कार्ड तपासले जाते, आपण बाहेर गेल्याची नोंद होते आणि परतताना तेच कार्ड पुन्हा दाखवावे लागते. सोबत छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र ठेवावे, कारण काही धक्क्यांच्या प्रवेशद्वारावर कार्डाबरोबर तेही मागतात. सहल घेतली नाही म्हणून जहाजावर कोणी नाराज होत नाही. फरक पडतो तो दोनच ठिकाणी: एक, उशीर झाल्यास जबाबदारी कोणाची (प्रश्न ४), आणि दोन, किनाऱ्यावर नेणाऱ्या लहान टेंडर बोटीत पहिला नंबर कोणाचा (प्रश्न १२).

२. कार्यक्रमपत्रिकेत ग्लेशियर बे लिहिले आहे. तेथे उतरून काय पाहावे?

मोठ्या जहाजावरून तेथे उतरताच येत नाही. ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे. मोठ्या क्रूझ जहाजांपैकी दिवसाला जास्तीत जास्त दोघांनाच आत प्रवेश मिळतो, आणि उद्यानाचे रेंजर बोटीने येऊन जहाजावर चढतात व दिवसभर माहिती सांगतात. हबर्ड हिमनदी आणि एंडिकॉट आर्मसारख्या खाड्यांचेही तसेच आहे. जहाज आत जाते, थांबते, वळते आणि बाहेर पडते. कार्यक्रमात अशा दिवसापुढे ‘सीनिक क्रूझिंग’ असे शब्द असतात. हे दिवस डेकवर घालवायचे असतात, म्हणून बंदरांचे नियोजन करताना ते मोजणीतून वगळावेत.

३. बंदरात सकाळी ८ ते सायंकाळी ५ अशी वेळ दिली आहे. म्हणजे हातात नऊ तास असतात का?

नसतात. जहाज ८ वाजता धक्क्याला लागले, तरी दोर बांधणे, गँगवे लावणे आणि अधिकाऱ्यांची मंजुरी मिळणे यांत पाऊण तास सहज जातो. दुसऱ्या टोकाला, ‘ऑल अबोर्ड’ची वेळ सुटण्याच्या वेळेच्या साधारण अर्धा तास आधीची असते, आणि आपल्याला पाळायची आहे ती ही वेळ. नऊ तासांचे साडेसात-पावणेआठ तास येथेच होतात.

त्यात घड्याळाचा घोळ होतो. अलास्काची वेळ सिॲटल आणि व्हँकुव्हरच्या एक तास मागे आहे. बहुतेक जहाजे प्रवासाच्या पहिल्या-दुसऱ्या रात्री घड्याळ मागे घेतात, पण काही वेळा जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ वेगवेगळी राहते. फोन मात्र किनाऱ्यावरच्या टॉवरप्रमाणे आपोआप बदलतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. यावर उपाय साधा आहे: एक हातघड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे आणि उतरताना गँगवेजवळच्या फलकाचा फोटो काढावा. त्या फलकावर ऑल अबोर्डची वेळ ठळक अक्षरांत लिहिलेली असते, आणि ती आदल्या रात्री खोलीत आलेल्या पत्रकापेक्षा वेगळी असेल, तर फलकावरची वेळ खरी.

नियोजन नेहमी उलट बाजूने करावे. ऑल अबोर्डपासून मागे मोजत, गावातच राहणार असाल तर एक तास आणि गावाबाहेर जाणार असाल तर दोन तास राखीव ठेवावेत. उरेल तेवढाच आपला दिवस. या हिशेबात सहसा एक मोठी आणि एक छोटी गोष्ट बसते. तीन गोष्टी बसवण्याचा मोह आवरणे, हेच स्वतः फिरणाऱ्याचे अर्धे काम आहे.

४. परतायला उशीर झाला तर जहाज थांबते का?

जहाज कंपनीच्या सहलीची बस अडकली असेल, तर जहाज शक्यतो थांबते, किंवा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरात पोहोचवण्याची व्यवस्था कंपनी करते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. काही मिनिटे थांबल्याची उदाहरणे घडतात, पण त्यांवर विसंबून बेत आखू नये.

अलास्कात जहाज सुटणे इतर ठिकाणांपेक्षा महागात पडते, याला कारण तेथील भूगोल आहे. जूनो ही राज्याची राजधानी असूनही तिला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. केचिकन आणि सिटका ही गावे तर बेटांवरच वसलेली आहेत. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात टॅक्सीने पाठलाग करण्याचा प्रश्नच येत नाही. विमान किंवा फेरी एवढेच पर्याय उरतात. जूनो, केचिकन आणि सिटका येथे मोठी विमाने उतरतात, पण स्कॅगवेहून फक्त लहान विमाने आणि अलास्का मरीन हायवेची फेरीबोट मिळते. धुके उतरले की लहान विमाने उडत नाहीत आणि फेरीबोट रोज असतेच असे नाही. आता असे समजा की तुमचे जहाज स्कॅगवेहून सुटले आणि दुसऱ्या दिवशी ते ग्लेशियर बेमध्ये आहे. तेथे तुम्हाला जहाज गाठताच येणार नाही. म्हणजे स्कॅगवेहून जूनो, जूनोहून केचिकन असे करत, मध्ये एक-दोन रात्री स्वखर्चाने काढून, तिसऱ्या दिवशी जहाज पकडावे लागेल.

उशीर होणार हे लक्षात येताच बंदरातील जहाजाच्या एजंटला फोन करावा. त्याचा क्रमांक रोजच्या पत्रकात छापलेला असतो, म्हणून पत्रकाचाही फोटो जवळ असावा. पासपोर्ट खोलीतील तिजोरीत ठेवावा की खिशात, यावर मतभेद आहेत. गावात चालत फिरताना त्याची प्रत पुरे आणि गावाबाहेर जाताना मूळ पासपोर्ट सोबत असावा, असे आमचे मत आहे. सीमा ओलांडणार असाल तर मतभेदाला जागाच नाही (प्रश्न ९).

५. केचिकनमध्ये गाडीशिवाय काय काय पाहता येते?

जवळजवळ सगळे गाव. मुख्य धक्के गावाच्या अगदी मध्यभागी आहेत. तेथून दहा मिनिटांत क्रीक स्ट्रीट येते. हा रस्ता म्हणजे ओढ्यावर खांब रोवून उभारलेली फळ्यांची पायवाट आणि तिच्या काठची रंगीत लाकडी घरे. एके काळी ही गावाची वेश्यावस्ती होती, आज तेथे दुकाने आणि एक लहान संग्रहालय आहे. जुलै ते सप्टेंबरमध्ये पुलावरून खाली पाहिले, तर अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणारे सामन मासे एकमेकांना खेटून, एकाच जागी शेपटी हलवत थांबलेले दिसतात. मध्येच एखादा सूर मारतो आणि पुन्हा तिथेच मागे फेकला जातो. याला तिकीट नाही आणि वेळेचे बंधनही नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला टोटेम हेरिटेज सेंटर आहे, तेथे जुन्या गावांतून आणलेले मूळ टोटेम खांब, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांनी कोरलेले उंच लाकडी खांब, जतन केलेले आहेत.

उभे टोटेम खांब पाहायचे असतील, तर दक्षिणेला साधारण चार किलोमीटरवर सॅक्समन आणि उत्तरेला सोळा किलोमीटरवर टोटेम बाइट अशी दोन ठिकाणे आहेत. दोन्हीकडे गावाची सार्वजनिक बस जाते. यांपैकी एकच निवडायचे असेल, तर टोटेम बाइट निवडावे. जंगलातून समुद्रकाठी उतरणारी तेथील वाट खांबांइतकीच पाहण्याजोगी आहे. बसचे वेळापत्रक विरळ असते, म्हणून जाण्याआधी परतीच्या दोन बसच्या वेळा लिहून घ्याव्यात. एक पकडायची आणि एक चुकल्यास हाताशी असावी अशी.

६. आमचे जहाज गावात न लागता दूर कुठेतरी लागते असे कळले. मग स्वतः फिरणे शक्य आहे का?

शक्य आहे, फक्त वेळेचा हिशेब बदलतो. काही जहाजे केचिकनऐवजी गावाच्या उत्तरेला असलेल्या वॉर्ड कोव्हला लागतात, आणि सिटकात मोठ्या जहाजांचा धक्का गावापासून सुमारे आठ किलोमीटरवर आहे. दोन्ही ठिकाणांहून गावात जाणाऱ्या बस प्रवाशांना विनामूल्य मिळतात. जूनोमध्येही एक धक्का गावाच्या मध्यापासून दीडेक किलोमीटर दूर आहे. ते अंतर चालत जाता येते. अडचण जाण्याची नसून येण्याची असते: दुपारनंतर सगळेच परतू लागतात आणि बसची रांग लांबते. अशा बंदरात राखीव वेळेत आणखी अर्धा तास धरावा. जहाज कोणत्या धक्क्याला लागणार हे महिनाभर आधीच्या बंदर-वेळापत्रकात पाहता येते, पण आयत्या वेळी बदलही होतो.

सिटकात एकदा गावात पोहोचलात की सगळे पायी आहे. रशियन काळातील या राजधानीत, १८ ऑक्टोबर १८६७ रोजी, अलास्काचे अमेरिकेकडे हस्तांतर झाले. ते जिथे झाले ती टेकडी, सेंट मायकेल कॅथेड्रल आणि टोटेम खांबांच्या वाटेचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान हे तिन्ही अर्ध्या दिवसात निवांतपणे होते. आमच्या मते सहलीचे पैसे सर्वांत निश्चिंतपणे वाचवावेत असे बंदर हेच.

७. जूनोमध्ये मेंडनहॉल हिमनदीला स्वतः कसे जावे? सिटी बस खरोखर जाते का?

सर्वाधिक पत्रे या प्रश्नाची येतात. मेंडनहॉल हिमनदी गावाच्या धक्क्यांपासून सुमारे १९ किलोमीटरवर आहे आणि तेथे जाण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग खासगी शटल बसचा. धक्क्याजवळच्या खिडक्यांवर तिकिटे मिळतात, अर्ध्या तासात माणूस पोहोचतो आणि परतीची बस ठरावीक अंतराने असते. मात्र हा भाग टाँगस राष्ट्रीय वनात येतो, आणि प्रवासी नेणाऱ्या व्यावसायिक वाहनांना वन विभागाचा परवाना लागतो. परवान्यांना मर्यादा असल्यामुळे गर्दीच्या दिवशी तिकिटे संपतात. बंदरात पाच जहाजे असतील तर तिकीट आधीच आंतरजालावर घ्यावे.

दुसरा मार्ग सिटी बसचा. भाडे दोन डॉलर असते, सुटे पैसे लागतात, आणि ‘खरोखर जाते का’ या प्रश्नाचे उत्तर ‘जवळपास’ असे आहे. बस हिमनदीच्या केंद्रापर्यंत जात नाही. शेवटच्या उपयोगी थांब्यावर उतरून रस्त्याच्या कडेने साधारण अडीच किलोमीटर चालावे लागते, आणि येताना तेवढेच. वाट सपाट आणि सोपी आहे, पण गाव ते केंद्र एका बाजूला सव्वा ते दीड तास धरावा लागतो. हातात सात तास असतील, पाऊस नसेल आणि चालण्याची हौस असेल तर हा मार्ग उत्तम. पाच तासांच्या मुक्कामात तो घेऊ नये. शटलचे पैसे वाचतील, पण हिमनदीसमोर उभे राहायला वेळच उरणार नाही.

तिसरा मार्ग टॅक्सीचा. चार जण असतील तर तो शटलच्या जवळपास पडतो. परतीची टॅक्सी मात्र उतरतानाच ठरवून घ्यावी, कारण तेथे फोनला सिग्नल मिळेलच अशी खात्री नाही.

तेथे पोहोचल्यावर बहुतेक लोक १९६२ मध्ये उघडलेल्या माहिती केंद्राच्या काचेतून फोटो काढून परततात. त्याऐवजी नगेट फॉल्सची वाट धरावी. जाऊन-येऊन सुमारे सव्वातीन किलोमीटरची ही सपाट वाट सरोवराच्या काठाने धबधब्याच्या पायथ्याशी नेते. तेथे पाण्याचे तुषार अंगावर येतात आणि पाण्यापलीकडे हिमनदीचा निळसर काठ दिसतो. हिमनदी दरवर्षी मागे सरकत असल्यामुळे जुन्या फोटोंइतकी ती जवळ दिसणार नाही, ही अपेक्षा मनाशी धरूनच जावे. आणखी एक गोष्ट: २०२३ पासून सलग काही वर्षे ऑगस्टमध्ये हिमनदीच्या वरच्या खोऱ्यात साठलेले पाणी अचानक फुटून मेंडनहॉल नदीला मोठे पूर आले आहेत. अशा वेळी वाटा बंद होतात. त्या महिन्यात जाणाऱ्यांनी सकाळी स्थानिक सूचना पाहाव्यात.

८. जूनोमध्ये एकाच दिवशी हिमनदी आणि व्हेल दोन्ही पाहून होतील का?

होतील, पण दोन्हींची सांगड घालणाऱ्या एकाच संस्थेकडून. व्हेल पाहायला जाणाऱ्या बहुतेक बोटी गावातून न सुटता ऑक बे येथून सुटतात, आणि ती जागा हिमनदीच्याही पलीकडे आहे. येण्याजाण्यासह बोटीचा कार्यक्रम साडेतीन ते चार तासांचा होतो. अनेक स्थानिक बोटवाले धक्क्यावरून आपल्या बसने नेतात, बोटीनंतर हिमनदीशी सोडतात आणि तेथून परत आणतात. त्यांच्याकडे किमान सहा-सात तासांचा मुक्काम लागतो. बस एकाकडून, बोट दुसऱ्याकडून अशी जुळणी स्वतः करू नये, कारण एक कडी हुकली की दुसरीचे पैसे बुडतात. उन्हाळ्यात या पाण्यात हंपबॅक व्हेल हमखास असतात. अलास्कात त्यांच्यापासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, अंतर राखणे बोटींवर कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा ‘अगदी जवळ नेतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नये.

९. स्कॅगवेत व्हाइट पासची रेल्वे घ्यावी की गाडी भाड्याने घेऊन कॅनडातील युकॉनमध्ये जावे?

क्लोंडाइकच्या सोन्यासाठी १८९७-९८ मध्ये हजारो लोक स्कॅगवेला उतरले आणि डोंगर चढून कॅनडात गेले. १८९८ ते १९०० या काळात बांधलेली व्हाइट पास अँड युकॉन ही अरुंद मापाची रेल्वे त्याच डोंगरातून समुद्रसपाटीपासून ८७३ मीटरवरच्या खिंडीपर्यंत चढते. खिंडीपर्यंत जाऊन परतणारी गाडी तीनेक तास घेते. तिच्यात खाली उतरायचे नसल्याने पासपोर्ट दाखवावा लागत नाही. चढताना डावी बाजू चांगली. परतताना प्रवाशांना बाजू बदलायला सांगतात, त्यामुळे जागेवरून वाद घालण्यात अर्थ नाही. तिकीट थेट रेल्वेकडून घेता येते, आणि गाडी कधी कधी धक्क्याजवळूनच सुटते. मात्र कोणती गाडी कुठून सुटते हे तिकिटावर नीट पाहावे.

मोटारीने गेल्यास तीच खिंड ओलांडून फ्रेझरच्या कॅनडियन तपासणी नाक्यापुढे सरोवरांच्या प्रदेशात जाता येते. कारक्रॉस हे गाव स्कॅगवेपासून सुमारे १०६ किलोमीटरवर आहे. हवे तेथे थांबता येते हे मोटारीचे मोठे सुख. पण तीन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. भाड्याची गाडी कॅनडात नेण्याची लेखी परवानगी हवी. प्रत्येकाजवळ मूळ पासपोर्ट आणि आवश्यक व्हिसा हवा (प्रश्न १०). आणि तिसरी गोष्ट अशी की उन्हाळ्यात युकॉनचे घड्याळ अलास्काच्या एक तास पुढे असते. सीमेपलीकडे फोनमधील वेळ बदलते आणि परतल्यावर ती लगेच मागे येतेच असे नाही. परतताना अमेरिकी नाक्यावर रांग लागू शकते, म्हणून येथे दोन नव्हे, अडीच तास राखीव ठेवावेत.

आमचे मत विचाराल तर मुक्काम नऊ तासांहून कमी असेल, किंवा सोबत लहान मुले असतील, तर रेल्वे. गाडीची सवय असलेले चौघे आणि लांब दिवस असा योग असेल, तर रस्ता. दोन्ही नको असेल तर गावामागच्या लोअर ड्यूई सरोवराची तासाभराची चढण आहेच. ती सुरुवातीला दमवते, पण फुकट आहे आणि गर्दी खालीच राहते.

१०. भारतीय पासपोर्टवर कोणते व्हिसा लागतात?

अमेरिकेचा अनेक प्रवेशांचा व्हिसा आणि कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा, असे दोन्ही धरून चालावे. प्रवास सिॲटलहून सुरू होऊन सिॲटललाच संपत असला, तरी वाटेत कॅनडातील व्हिक्टोरिया किंवा प्रिन्स रूपर्ट हे बंदर असतेच (कारण प्रश्न १९ मध्ये), त्यामुळे ‘आम्ही तेथे उतरणारच नाही’ हे कारण पुरत नाही. कागदपत्रे अपुरी असल्यास चढतानाच अडवले जाते. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण वैध पासपोर्ट आणि मूळ ग्रीन कार्ड दोन्ही जवळ लागतात.

११. आइसी स्ट्रेट पॉइंट म्हणजे जहाज कंपनीने बनवलेली खोटी जागा आहे का?

तसे नाही. चिचागॉफ बेटावरील हूना या ट्लिंगिट लोकांच्या गावाजवळचा हा मासे डबाबंद करण्याचा जुना कारखाना आहे, आणि जागेची मालकी तेथील मूळ रहिवाशांच्या हूना टोटेम महामंडळाकडे आहे. कारखान्याचे संग्रहालय, किनारा आणि जंगलातील पायवाट पैसे न देता पाहता येते. दोन-अडीच किलोमीटर चालल्यावर हूना गाव लागते. दुकानांच्या गर्दीपेक्षा ते खूप शांत आहे आणि तेथील कारागीर बहुधा बोलायला मोकळे असतात. टॅक्सी आणि भाड्याच्या गाड्या मोजक्याच असल्यामुळे, बोटीने व्हेल पाहायला जायचे नसेल तर या बंदरात काहीही आरक्षित करण्याची गरज नाही.

१२. टेंडर बोटीने उतरावे लागणार असेल तर?

धक्का मिळाला नाही, तर जहाज पाण्यात नांगर टाकते आणि लहान बोटींनी प्रवाशांना किनाऱ्यावर नेते. पहिल्या बोटी कंपनीच्या सहलींसाठी राखीव असतात. बाकीच्यांनी नंबर घेऊन थांबायचे असते. अशा दिवशी स्वतंत्र आरक्षण जहाज पोहोचण्याच्या वेळेनंतर किमान दोन तासांनी ठेवावे. शेवटची टेंडर ऑल अबोर्डच्या आधीच सुटते. स्कॅगवेत एका धक्क्यावरच्या कड्यावरून दगड कोसळू लागल्यामुळे २०२२ पासून काही जहाजांवर टेंडरची वेळ आली आहे.

१३. कपडे काय घालावेत? जुलैमध्ये थंडी असते का?

कडाक्याची थंडी नसते. उन्हाळ्यात दिवसाचे तापमान बहुधा १३ ते १८ अंशांच्या दरम्यान असते. त्रास पावसाचा होतो. केचिकनमध्ये वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि मुसळधार सरींपेक्षा तासन्‌तास चालणारी भुरभुर अधिक असते. त्या मानाने स्कॅगवे कोरडे, पण वाऱ्याचे. आत लोकरी किंवा सिंथेटिक बनियन, त्यावर उबदार जाकीट आणि सर्वांत वर पाणी न शिरणारे टोपीचे जाकीट असे तीन थर घालावेत. सुती जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. छत्री गावात चालते, वाऱ्यात उलटते. टोपी आणि हातमोजे हिमनदीच्या दिवशी डेकवर लागतील, कारण बर्फावरून येणारा वारा जुलैतही बोचतो.

१४. पायवाटांवर अस्वले असतात का?

असतात. मेंडनहॉलजवळच्या स्टीप क्रीकवर सामन आले की काळी अस्वले येतात. चिचागॉफ आणि सिटकाच्या बेटांवर तपकिरी अस्वले आहेत. घोळक्याने आणि बोलत चालावे, मुलांना पुढे धावू देऊ नये आणि खाण्याचे पदार्थ उघडे ठेवू नयेत. अस्वल दिसलेच तर पळू नये. शांत आवाजात बोलत, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. अस्वलांसाठीचा मिरचीचा स्प्रे जहाजावर आणू देत नाहीत, म्हणून तो विकत घेण्याच्या फंदात पडू नये. एकट्याने जायचे असेल तर गर्दीची वाट निवडावी. येथे गर्दी गुणाची ठरते.

१५. बाहेरून आरक्षित केलेली सहल हवामानामुळे रद्द झाली, किंवा जहाजच त्या बंदरात गेले नाही, तर पैसे परत मिळतात का?

या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. सहल चालवणाऱ्यानेच हवामानामुळे ती रद्द केली, तर पैसे परत मिळतात. हेलिकॉप्टर आणि समुद्री विमानांच्या बाबतीत असे वारंवार घडते. जहाज बंदरात आलेच नाही, तर काय होणार हे त्या संस्थेच्या नियमांवर ठरते. क्रूझ प्रवाशांवर चालणारे बहुतेक स्थानिक व्यावसायिक अशा वेळी पूर्ण रक्कम परत करतात, पण हे वाक्य त्यांच्या अटींत लिहिलेले आहे याची खात्री पैसे भरण्याआधी करावी. आरक्षण करताना जहाजाचे नाव कळवावे. जाणते व्यावसायिक जहाजांच्या वेळांवर स्वतःच लक्ष ठेवतात. जो जहाजाचे नाव विचारतही नाही, त्याच्याबद्दल सावध राहावे.

१६. पैसे, कर आणि टिप यांचे काय?

अलास्कात अमेरिकी डॉलर, व्हिक्टोरियात कॅनडियन डॉलर. कार्ड सगळीकडे चालते, तरी बससाठी आणि टिपसाठी थोड्या सुट्या नोटा असाव्यात. अलास्का राज्याचा विक्रीकर नाही, पण गावांचा असतो, त्यामुळे किमतीवर काही टक्के वाढतात. स्थानिक मार्गदर्शक आणि चालक यांना टिप देण्याची पद्धत आहे.

१७. आई-वडिलांना फार चालवत नाही, एकांकडे व्हीलचेअर आहे. स्वतः फिरणे जमेल का?

जमेल, पण गँगवेच्या उताराचा विचार आधी करावा. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरच्या घरात जाऊ शकतो. सकाळी जवळजवळ सपाट वाटलेला उतार दुपारी ओहोटीला उभा झालेला असतो, आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्याला तो जाणवतो. त्या दिवसाच्या भरतीच्या वेळा पाहून बाहेर पडावे. गरज वाटल्यास गँगवेवरचे कर्मचारी मदत करतात. टेंडरचे बंदर असेल तर व्हीलचेअर नेता येईल का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. जूनोत धक्क्याजवळूनच सुटणारी ट्रॅम (तारेवरून डोंगर चढणारा रोप-वे) साडेपाचशे मीटर वर नेते, आणि स्कॅगवेचा मुख्य रस्ता सपाट आहे. केचिकनमधल्या ओल्या फळ्यांवर मात्र काठीची टोके आणि पाय दोन्ही घसरतात.

१८. बंदरातून काय विकत घेऊन जहाजावर आणता येते?

हवाबंद पाकिटातील धुरावलेला सामन चालतो. फळे, भाज्या आणि शिजवलेले मांस जहाजावरून किनाऱ्यावर नेऊ नये. मूळ रहिवाशांच्या हस्तकला घेताना ‘सिल्व्हर हँड’चा शिक्का पाहावा, तो वस्तू अलास्कातील मूळ रहिवासी कलावंतानेच केल्याचे दर्शवतो. वॉलरसचे हस्तिदंत, व्हेलचे हाड किंवा सीलचे कातडे यांपासून केलेल्या वस्तू कॅनडामार्गे नेण्यासाठी वेगळे परवाने लागतात, म्हणून दुकानदाराला टपालाने अमेरिकेतीलच पत्त्यावर पाठवायला सांगणे सोयीचे पडते. अलास्कात गांजाची दुकाने कायदेशीर आहेत, पण जहाजावर संघराज्याचा कायदा लागू होतो. तो आणणाऱ्याला उतरवून देतात.

१९. व्हिक्टोरियात जहाज रात्रीच का थांबते? आणि आम्हाला मध्येच, समजा जूनोला, कायमचे उतरायचे असेल तर?

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरात घेतलेला प्रवासी दुसऱ्या अमेरिकी बंदरात सोडता येत नाही, आणि त्याच बंदरात परतणाऱ्या फेरीतही वाटेत एक परदेशी बंदर घ्यावेच लागते. मोठी क्रूझ जहाजे जवळपास सगळीच परदेशी नोंदणीची असतात. सिॲटलहून निघालेल्या जहाजाची ही अट व्हिक्टोरियात पूर्ण होते. परतीच्या वाटेवरचे ते शेवटचे बंदर असल्याने तेथे बहुधा संध्याकाळचे काही तासच मिळतात. ऑग्डेन पॉइंटपासून इनर हार्बरपर्यंत पायी अर्धा तास लागतो. दिव्यांनी उजळलेली संसदेची इमारत पाहून परतणे तेवढ्या वेळात बसते. बुचार्ट उद्यान वीस किलोमीटरहून दूर आहे, त्यामुळे जहाज सहा वाजेपर्यंत लागणार असेल तरच त्याचा विचार करावा.

सिॲटलहून चढून जूनोला प्रवास संपवणे याच कायद्यात बसत नाही. जहाजाला दंड होतो आणि कंपनी तो प्रवाशाकडून वसूल करते. वैद्यकीय आणीबाणीची गोष्ट वेगळी. व्हँकुव्हरहून चढलेल्या प्रवाशाला ही अडचण येत नाही, कारण तो परदेशी बंदरातून आलेला असतो. तरीही त्याने कंपनीची लेखी परवानगी काही आठवडे आधी घ्यावी, म्हणजे इमिग्रेशनची तपासणी त्याच बंदरात करता येते. उरलेल्या दिवसांचे भाडे परत मिळत नाही.

२०. फोन चालतो का?

गावांत चालतो, वाटेत नाही. जहाजावर फोन फ्लाइट मोडमध्ये ठेवावा, अन्यथा तो समुद्रातील महागड्या नेटवर्कला जोडला जातो. अमेरिकेच्या प्लॅनमध्ये कॅनडाचा समावेश आहे का हे पाहावे. नकाशे आदल्या रात्रीच उतरवून घ्यावेत, आणि बंदराच्या गावातील सार्वजनिक वाचनालयांत वाय-फाय मिळते हे लक्षात ठेवावे. जहाजावरचे कर्मचारीही सुट्टीच्या तासांत तेथेच जाऊन बसतात.